ती हळद परबांची नव्हती

परबकाका, परवा तुमच्या शोकसभेत लोक हसले. हे आधी सांगून टाकते, कारण त्यानंतर मी जे केलं ते तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. तुम्ही तिथे असतात तर शेवटच्या रांगेतून हात दाखवून "बाय, गप रव" म्हणाला असतात. पण तुम्ही नव्हतात, आणि मी गप्प राहिले नाही.

झालं असं, की संचालकसाहेब माईकवर आले. माणूस वाईट नाही, पण माईक दिसला की त्यांना विनोद सुचतो. म्हणाले, "आमचे परब म्हणजे देवभोळा माणूस! आम्ही निघालो ताऱ्यांमधल्या बर्फाचा शोध घ्यायला, आणि हाती काय लागलं? परबांच्या पूजेची हळद!" सगळा हॉल हसला. पीएचडीची पोरं तर हसणारच, कारण त्यांच्यातल्या एकानेही तुम्हाला काम करताना बघितलेलं नाही. त्यांच्यासाठी तुम्ही म्हणजे दर वर्षी नव्या बॅचला सांगायचा एक किस्सा. चेंबरला उघड्या हाताने शिवू नका रे, नाहीतर 'परबची हळद' होईल. तुमच्या फोटोला ताजा हार, खाली उदबत्ती, आणि समोर लोक दात काढतायत. बरं तर बरं, काकू आल्या नव्हत्या. माझं डोकंच फिरलं.

ती हळद तुमची नव्हती, माझी होती. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सात वर्षं तिसऱ्या कोणाला माहीत नाही असं मी धरून चालले होते. आता तुम्ही गेलात. म्हणजे मी तोंड उघडलं नाही तर ती गोष्ट कायमची तुमच्या नावावर चिकटणार, आणि माझ्या सहीनिशी चिकटणार. हे मी होऊ देणार नाही. तुम्ही कितीही हात दाखवलात तरी.

आपली पहिली भेट आठवते? मी नोकरीला लागून तिसरा दिवस. आपल्या प्रयोगाच्या निर्वात चेंबरचं स्टीलचं अंग साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये बनत होतं, आणि ते बघायला तुम्ही मला बरोबर नेलंत. लेथचा आवाज, धातूच्या किसाचा ढीग, मी आपली ओढणी सांभाळत उभी. तुम्ही जवळ येऊन एकदम विचारलंत, "केसांक तेल लावलंस?" मी म्हटलं, हो, का? "उद्यापासून नाय लावूचा. त्याची वाफ माझ्या टोपात जातली." मला इतका राग आला! मुलुंडला घरी येऊन आईला म्हटलं, एक टेक्निशियन मला केसांवरून बोलतो. आई म्हणाली, तो बरोबर बोलला असेल, तू नवीन आहेस.

तुम्ही बरोबरच होतात. ट्रॉम्बेला उमेदीच्या काळात वेल्डिंग शिकलेला तुमचा हात, हवा कुठून शिरते ते तुम्हाला मशीन सांगायच्या आधी कळायचं. बोटाचा एक ठसा आत राहिला तर हवा काढणारा पंप आठवडाभर धापा टाकतो, हे तुम्ही मला शिकवलंत. हातमोजे घालून काम करायला, नखं कापायला, आतला स्क्रू हाताने नाही चिमट्याने उचलायला, सगळं तुम्ही. माझ्या डिग्र्यांमध्ये यातलं काहीही नव्हतं. आमचे प्रोफेसर त्याला चेंबर म्हणायचे, तुम्ही टोप. वर्षभरात मीही टोपच म्हणायला लागले.

एकदा टोपाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळता गुंडाळता तुम्ही विचारलंत, "ह्या सगळा करून गावतला काय?" मी सांगितलं. दोन ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे धूळ असते, उदबत्तीच्या धुराहून बारीक. त्या धुळीच्या कणावर पाणी, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड असलं काय काय गोठून बसतं, आणि ताऱ्यांचा तिखट उजेड त्या बर्फावर पडत राहतो. रेणू तुटतात, पुन्हा जुळतात, वेगळेच काही बनतात. कदाचित तुम्ही-मी ज्याचे झालो त्याची सुरुवात तिथली आहे. तिथे जाता येत नाही, म्हणून आपण टोपातली हवा काढायची, आतली एवढीशी काच शून्याखाली दोनशे त्रेसष्टपर्यंत गार करायची, तिच्यावर तेच वायू हळूहळू सोडून बर्फ धरायचा, अतिनील दिवा लावायचा, आणि मग तो बर्फ सावकाश गरम करत बघायचं, काय नवीन तयार झालं. तुम्ही फॉइल दाबत सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "म्हणजे आभाळाचो फ्रीज." इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं.

आणि लगेच भांडण काढलंत. "थंय लाख वर्षा लागतत आणि तू ह्या जेवणाच्या सुट्टीआधी करतंस? ह्या खरा कसा मानूचा?" मी म्हटलं, काका, उजेडाचा एकूण डोस तेवढाच पडतो. तिथे थेंब थेंब, इथे बादलीभर, हिशेब सारखा. तुम्ही मान हलवलीत. "भात मोठ्या आगीवर लवकर शिजता, पण खाली करपता. मंद आगीवरचो भात वेगळो." या भातावरून आपण किती वर्षं भांडलो! मी गणितं काढून दाखवायची, तुम्ही ती नीट बघायचात आणि म्हणायचात, गणित ठीक आसा, भात कच्चो आसा. पुढे माझ्या एका पेपरवर एका परीक्षकाने नेमका हाच प्रश्न विचारला, उजेड भरभर टाकल्याने वेगळी रसायनं होत नाहीत कशावरून. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. तुम्ही महिनाभर मिरवलं असतंत. खरं तर मला अजूनही त्याचं पक्कं उत्तर देता येत नाही.

दुसरं भांडण खंडेनवमीचं. दर वर्षी तुम्ही पाने, व्हर्नियर, वेल्डिंगची टॉर्च, सगळी हत्यारं वर्तमानपत्रावर मांडायचात, झेंडूची फुलं, साखरखोबरं, आणि टोपाला हळदीकुंकू. मी त्या वेळी तरातरा निघून माझ्या खोलीत जाऊन बसायचे. प्रयोगशाळेत कसली पूजा, हे माझं तत्त्व. तत्त्व कसलं, मिजास! थोड्या वेळाने तुम्ही द्रोण घेऊन यायचात आणि मी साखरखोबरं मिटक्या मारत खायचे. "प्रसाद चलता, पूजा चलत नाय! शाबास गो बाय!" तुम्ही चिडवायचात. पण मी कधी, एका वर्षीही, तिथे थांबून तुम्ही नक्की काय करता ते बघितलं नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

त्या वर्षी तुमची आई गेली. तुम्ही गावाला. खंडेनवमीच्या सकाळी तुमचा फोन आला, आवाज बसलेला. "बाय, माका सुतक. मशीनीक कोण हात लावतलो? तू तरी हळदीचा एक बोट लाव. तशीच ठेव नको." मी वाद घालू शकले असते. पण तुमची आई गेली होती, काका. मी म्हटलं, लावते. आईकडून पुडीत हळदकुंकू घेतलं आणि आले. नवी काच बसवायची म्हणून टोप नेमका उघडा होता. मला वाटलं, देवाला जसं कपाळाला लावतात तसं याला कुठे लावायचं? तर जिथे सगळ्यात महत्त्वाचं काम चालतं तिथे. मी बोट ओलं केलं, आणि काच धरणारा तो गार दांडा असतो ना, आतला, त्याच्या डोक्यावर हळदीकुंकवाचं बोट लावलं. हात जोडले. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी अल्कोहोलने पुसलं आणि टोप बंद केला.

तुम्ही हळद बाहेर लावायचात. लोखंडी स्टँडच्या पायाला, जमिनीपासून वीतभर वर, टोपापासून जितकं लांब जमेल तितकं. हे मला नंतर कळलं. ज्याने मला तेल लावायला बंदी केली तो माणूस आत हळद कशी लावेल, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

पुसलेली हळद पुसली गेली नव्हती. थोडी दांड्यावरच्या स्क्रूच्या आट्यांत उतरली होती. आतली घाण उडवून लावायला टोप तापवतात, पण नव्या काचेमुळे तो नेहमीसारखा तापवता येत नव्हता, त्यामुळे ती तिथेच राहिली. निर्वात जागेत ज्याला उडता येतं ते सगळं उडून सगळ्यात गार जागेवर जाऊन बसतं. दोन प्रयोगांच्या मधे दांडा गरम असायचा तेव्हा हळदीतलं तेलही हळूहळू उडून टोपभर पसरायचं, आणि दांडा गार झाला की माझ्या बर्फावर येऊन बसायचं. आणि आलेखात एक नवं शिखर दिसायला लागलं. जिथे काही नसायला हवं तिथे छान, उंच, ठसठशीत शिखर. मी वेडी झाले! मला वाटलं, सापडलं. साध्या चार वायूंतून एवढा मोठा रेणू!

तुम्ही तोवर गावाहून परत आला होतात, डोकं भादरलेलं, मिशी नाही, ओळखू येत नव्हतात. आलेख बघून तुमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "माका बरा दिसत नाय. आधी रिकामो टोप चालवून बघ. दोन दिस, चार दिस. ह्या घाईचा काम न्हय." मी वायू न सोडता रिकामा टोप चालवला, पण एकच दुपार, आणि तेवढ्यात शिखर दिसलं नाही. परिषदेची मुदत संपत होती. सारांश पाठवून दिला, संस्थेत भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, दाराशी उभे होतात. मला तेव्हा वाटलं, काकांना माझं कौतुक नाही.

मग जड कार्बनचा वायू आला. त्याची परीक्षा सरळ असते. शिखर आपल्या वायूतून तयार झालेलं असेल तर जड कार्बन वापरल्यावर ते बाजूला सरकलं पाहिजे. मी प्रयोग केला. शिखर तसूभरही सरकलं नाही. म्हणजे ते आपलं नव्हतंच, कुठून तरी आत आलेलं होतं. माझी वाट लागली होती हे मला त्याच क्षणी कळलं. तुम्ही टोप उघडलात, एकेक स्क्रू काढलात, आट्यांतून कापसाचा बोळा फिरवलात. तो पिवळा निघाला. तुम्ही बोळ्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. आजचे आपले संचालक, तेव्हाचे प्रमुख. "हे काय? हळद? इथे पूजा कोण करतं?"

"मी, साहेब," तुम्ही म्हणालात.

डोक्यावर जेमतेम अर्धा इंच केस उगवलेला माणूस तिथे उभा होता. खंडेनवमीला तो आईच्या सुतकात होता हे ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत होतं, रजेच्या अर्जावर त्याच प्रमुखांची सही होती. आणि एकालाही सुचलं नाही, की सुतकातला माणूस खंडेनवमीची पूजा कशी करेल? पूजा म्हटली की परब. सगळ्यांना सोयीचं होतं ते. मला सगळ्यात जास्त.

व्हरांड्यात मी तुम्हाला गाठलं. मी म्हटलं, काका, मी जाऊन सांगते. तुम्ही म्हणालात, "गप रव. तुझी नोकरी अजून पक्की नाय. माझी काय, चार वर्षा रवली." आणि मी गप्प राहिले. सारांश मागे घेण्याचं पत्र प्रमुखांनी सांगितलं तसं मी टाइप केलं: तंत्रज्ञाने केलेल्या धार्मिक विधीमुळे उपकरण दूषित झाले. खाली माझी सही. तुमच्याकडून टोपाच्या खोलीची चावी काढून घेतली आणि तुम्हाला स्टोअरला टाकलं. ज्या हाताने तो टोप उभा केला तो हात चार वर्षं ट्यूबलाइटी मोजत बसला.

पुढच्या वर्षी माझी नोकरी पक्की झाली. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मग बढती आली, तेव्हाही नाही. रोज चार वाजता तुम्ही चहाला यायचात, खोलीच्या आत पाऊल टाकायचा नाहीत, दारातच स्टूल टाकून बसायचात. आपण पंपावरून भांडायचो, भातावरून भांडायचो, घाटकोपरच्या मेट्रोच्या गर्दीवरून भांडायचो, आणि हा एक विषय दोघंही टाळायचो. तुम्ही निवृत्त झालात. गेल्या महिन्यात तुमच्याकडे आले होते ना, ते मुद्दाम हेच बोलायला आले होते. माफी मागायची असं ठरवून आले होते, वाटेत वाक्यंही जुळवली होती. तुम्ही दारातच विचारलंत, "हेलियमची गळती गावली काय?" आणि आपण सुरू झालो. दोन कप चहा, एक ताट घावणे, आणि मी तशीच मुलुंडला परत आले.

म्हणून परवा उभी राहिले. म्हटलं, "सर, ती हळद परबांनी लावली नव्हती. ते सुतकात होते. ती मी लावली. आतमध्ये. त्यांनी आयुष्यात कधी आत लावली नाही." कुणीतरी खोकलं. साहेब म्हणाले, "मॅडम, बसा, भावनेच्या भरात होतं असं." मी म्हटलं, "भर वगैरे काही नाही सर, ही माहिती आहे." नंतर केबिनमध्ये बोलावलं. हे उकरून काय मिळणार, माणूस तर गेला, तुमच्या प्रोफेसरशिपची फाइल वर गेलीय, जरा विचार करा. मी म्हटलं, माणूस गेला सर, पण ते पत्र आहे. ते म्हणाले, कोण वाचतंय ते पत्र! मी म्हटलं, कोणी वाचत नसेल तर दुरुस्त केल्याने बिघडणार पण काही नाही.

आणि काल तुमच्या बाराव्याला आले. जेवणं झाली, माणसं पांगली, मी काकूंबरोबर भांडी पुसत होते. पुसता पुसता सगळं सांगितलं. सुतक, फोन, बोट, बोळा, सही. काकूंनी ताट खाली ठेवलं नाही की माझ्याकडे वळून बघितलं नाही. म्हणाल्या, "माका ठावक आसा. ह्यांनी त्याच सांजेक सांगल्यानी."

मी विचारलं, मग इतक्या वर्षांत तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत?

"हे बोलूक देत नसत. म्हणत, नोकरी पक्की झाली काय चेडू आपणहून सांगतला. नोकरी पक्की झाल्याचे पेढे घेवन तू इलंस, त्या दिवशी पण म्हटल्यानी, आता सांगतला बघ. दर दोन-चार महिन्यांनी म्हणत." मग पुढचं ताट पुसायला घेत त्या म्हणाल्या, "मगे म्हणायचे बंद झाले."

चेडू म्हणालात मला. पोरगी. मी त्या ओट्याला धरून रडले, काकूंनी पाठीवरून हात फिरवला, ज्यांना मी धीर द्यायचा त्या मला धीर देत होत्या. पण घरी आल्यावर मला तुमचा राग आला, आणि तो मी लपवणार नाही. तुम्ही वाट का बघत बसलात? केसांच्या तेलावरून मला झापलंत, नखांवरून झापलंत, एका बोटाच्या ठशावरून दोन दिवस बोलला नव्हतात! आणि एवढ्या मोठ्या गोष्टीवर गप्प? त्या चार वाजताच्या चहाला एकदा कप आपटून विचारायचं होतंत, "काय गो, कधी सांगतलंस?" मी सांगितलं असतं. नसतं सांगितलं तर निदान तुम्ही मला लाज तरी आणली असतीत. इतका चांगुलपणा कुणी मागितला होता तुमच्याकडे? मला तो पेलला नाही, काका.

ते असो. आज सकाळी परिषदेच्या संपादकांना पत्र पाठवलं, एक प्रत संस्थेला, एक सगळ्या विद्यार्थ्यांना. उपकरण तंत्रज्ञामुळे दूषित झालं नव्हतं. ते मी केलं. ते शोधून काढलं विश्राम परब यांनी, आणि रिकामा टोप चार दिवस चालवायला त्यांनी मला आधीच बजावलं होतं, मी ऐकलं नाही. तुमचं नाव पूर्ण लिहिलंय, 'तंत्रज्ञ' नाही लिहिलं. साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला, मी घेतला नाही. फाइलचं काय व्हायचं ते होऊ दे.

आता मला विचारतील, सात वर्षं का सांगितलं नाहीत? त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि तेच देणार आहे: भ्याले होते. जे केलं होतं ते 'मी केलं' म्हणायला मला सात वर्षं लागली. तुम्ही जे केलंच नव्हतं ते 'मी, साहेब' म्हणून एका श्वासात घेऊन मोकळे झालात.